माशांचा कौल

“दहा दिवस,” नाना म्हणाले. “दहा दिवस या झाकणाला कोणी हात लावायचा नाही. खाणं वरच्या भोकातून टाकायचं. आणि काचेवर टकटक नको, तिला राग येतो.”

“कुणाला?”

“मोठीला.”

टाकी दोन फुटी होती. आमच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि देव्हारा यांच्यामध्ये. त्यामुळे सकाळी पूजेला बसलं की एक डोळा माशांवर आणि रात्री बातम्या लावल्या की एक डोळा माशांवर, अशी घरातली श्रद्धा सगळीकडे सारखी वाटली गेली होती. आत समुद्राचं पाणी, सहा दगड आणि एक क्लाउनफिश. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे आणि चेहऱ्यावर बदलीची धमकी देणाऱ्या साहेबाचा भाव. नानांनी नुकताच आत एक भोकाभोकांचा पारदर्शक डबा टांगला होता. डब्यात चिंचोक्याएवढा दुसरा क्लाउनफिश होता. मोठी त्या डब्याला धडका देत होती.

नाना म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं भूमापक होते. अर्ध्या जिल्ह्यातले बांध त्यांनी मोजलेले आणि त्या बांधांवरून एकमेकांची डोकी फोडणारे भाऊ जवळून पाहिलेले. आई गेल्यावर ते रत्नागिरीत आमच्याकडे आले, ते एक ट्रंक आणि हा छंद घेऊन. रत्नागिरीत मासा पाळणं हे संशयास्पद मानलं जातं. खालच्या मजल्यावरचे भाटकर दर आठवड्याला टाकीपाशी उभे राहून विचारत, “अजून वाढायचेत काय?”

महिन्यापूर्वीपर्यंत टाकीत दोन मासे होते. मोठी आणि धाकटा. डिसेंबरात मोठी मेली. दुसऱ्या दिवशी जेवताना नाना म्हणाले, “आता हा धाकटाच मोठी होणार.”

नेत्राचा आमटीचा डाव हवेत राहिला. नेत्रा माझी बायको, बँकेत होती, आणि नोंदी स्पष्ट असलेल्या तिला आवडत. “म्हणजे?”

“म्हणजे बाई होणार. या जातीत तसंच असतं. सगळ्यात मोठी असते ती मादी. ती गेली की तिच्या हाताखालचा नर तिच्या जागी चढतो.”

“ऑर्डर निघते?” मी विचारलं.

“महिन्या-दोन महिन्यांत निघते.”

“माणसांत ही सोय हवी होती,” नेत्रा म्हणाली.

“आहे की,” नाना म्हणाले आणि त्यांनी आमटीकडे बोट दाखवलं. ती त्यांनीच केली होती.

मग त्यांनी आम्हाला लहान टाकीतल्या शांततेचे नियम सांगितले. दोनच ठेवायचे. तिसरा आला की दोघं मिळून त्याला संपवतात. दोघं एकाच मापाचे असले की थोरलं कोण यावरून मारामारी. म्हणून एक मोठा, दुसरा निम्म्याहून लहान. आधी त्याला डब्यात ठेवायचं, नुसतं दिसू द्यायचं. मोठी पहिले काही दिवस डब्यावर तुटून पडते. मग एक दिवस लहान मासा अंग कलतं करून थरथरतो. ते त्याचं लेखी निवेदन, की सत्ता आपलीच, मला फक्त राहू द्या. तिने ते मान्य केलं की धडका थांबतात. मग दहाव्या दिवशी आतले सगळे दगड हलवायचे, दिवा बंद करायचा आणि त्याला सोडायचं.

“दगड कशाला?”

“हद्दीच्या खुणा असतात त्या. खुणा गेल्या की तिला माझं-तुझं आठवत नाही. दोघं एकदमच नवीन होतात.”

“सातबारा फाडल्यासारखं.”

“सातबारा फाडून काही होत नाही,” नाना गंभीरपणे म्हणाले. “नक्कल मिळते.”

इथपर्यंत सगळं माशांचं होतं. माणसांचं मला त्यांच्या खिशात सापडलं. सदरा मशीनमध्ये टाकताना चिठ्ठी निघाली. नानांचं रेखीव अक्षर: “पडवी. ११ फूट ४ इंच गुणिले ६ फूट २ इंच. टाकी पूर्वेच्या भिंतीला. ऊन नाही.”

आमच्या फ्लॅटला पडवी नव्हती.

“शैलाताई गांगणांची,” विचारल्यावर नाना म्हणाले. चोरी पकडल्यासारखं नाही, मोजणी विचारली म्हणून सांगितली असं.

शैलाताई जिल्हा परिषदेच्या निवृत्त नर्स. शहरालगतच्या नाचणे गावात दोन खोल्या, विहीर आणि ही पडवी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नाना दर रविवारी सकाळी टाकीसाठी समुद्रावरून पाणी आणायचे, पाच लिटरचे चार कॅन. बाई तिथेच गुडघे भिजवायला यायच्या. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, “मीठ काढता काय घरी?” दुसऱ्या रविवारी त्यांनी नरसाळं धरलं. असे सत्तर-ऐंशी रविवार झाले होते आणि मला वाटत होतं, वडील पाणी आणतात.

“त्या म्हणतात, एकत्र राहू,” नाना गॅलरीत माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले. “रीतसर नोंदणी करून. मी तिकडे जायचं, टाकी घेऊन. वय सहासष्ट. तुला काय वाटतं?”

मला काय वाटतं हे छापून आलेलं होतं. मी कॉलेजात वाणिज्य शिकवायचो आणि इथल्या एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहायचो. दोनच महिन्यांपूर्वी मी ज्येष्ठांच्या पुनर्विवाहावर लिहिलं होतं. वडिलांच्या लग्नाला आडवी येणारी मुलं म्हणजे म्हाताऱ्याच्या काठीलाच टेकून उभी राहिलेली धडधाकट माणसं, असं त्यात एक वाक्य होतं. वाचकांची तीन पत्रं आली होती.

“तुमचा निर्णय, नाना,” मी म्हणालो. “आमची काही हरकत नाही.”

“हरकत नाही हे कळलं. मलाच समजत नाहीये. जमेल काय या वयात? दुसऱ्याच्या घरात आपण नवे. तिची भांडी, तिची वेळ. तुझ्या आईची मला सवय होती.”

“मग?”

ते हसले. जरा ओशाळून. “गावाला असतो तर लोक म्हणाले असते, कौल लाव.”

आमच्या गावात अजून कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन पाकळ्या चिकटवतो, आपण प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. नानांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. कौलाने ठरलेला एकही बांध आपण नोकरीत सरळ पाहिला नाही, असं ते म्हणत.

“पाकळी काय, वाऱ्यानेही पडते,” नाना म्हणाले. “पण मासा वाऱ्याने जमत नाही. म्हटलं, ही दोघं जमली त्या टाकीत, तर मी जाईन. नाही जमली, तर नाही. हसू नकोस.”

मी हसलो नाही. हसण्याचे मला पैसे मिळत असल्यामुळे फुकट हसायची सवय नव्हती. शिवाय मी दुसऱ्याच हिशेबात होतो.

त्या रात्री जेवणाआधी मी एका पाठकोऱ्या कागदावर नानांशिवायचा आठवडा मांडून पाहिला. सानिका, आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. पावणेएकला तिची रिक्षा नाक्यावर यायची. तिला घ्यायचं, घरी आणायचं, जेवू घालायचं, पाढे म्हणून घ्यायचे. गॅसवाला. नळवाला. माझा लेख साप्ताहिकाच्या कचेरीत नेऊन देणं. सोमवार नेत्राच्या आईवर ढकलता येत होता. बुधवारी माझे तास लवकर संपायचे. गुरुवार, शुक्रवार शेजारच्या बाईंना विचारता आलं असतं. मंगळवार काही केल्या बसेना. मी तो तीन वेगवेगळ्या रीतीने मांडला. बसला नाही.

वडील दूर जाणार म्हणून मुलाला काय वाटावं याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. मला मंगळवार वाटला.

सहाव्या दिवशी शैलाताई मासे बघायला आल्या. बारीक, उंच, आवाज दवाखान्यातला, पहिल्या मजल्यावरून बोलल्या की दुसऱ्यावरचा रुग्ण पालथा व्हावा असा. हातात कुळथाच्या पिठाची पिशवी. ती नेत्राला देऊन त्या थेट टाकीपाशी गेल्या.

“हा काय तो नवरामुलगा?”

“लग्नाचं अजून काही ठरलेलं नाही,” नाना म्हणाले. मग कोणाच्या लग्नाबद्दल बोललो हे लक्षात येऊन ते पंपाची नळी तपासू लागले.

“घाबरलाय बिचारा,” नेत्रा म्हणाली.

“नाही हो. नवा आहे. नवं माणूस आणि घाबरलेलं माणूस लांबून सारखंच दिसतं. मी वॉर्डात पाहिलंय ना.” बाई वाकून बघत राहिल्या. “मोजणीदार, हा थरथरतोय.”

नाना आले. मीही आलो. चिंचोका एका अंगावर कलला होता आणि थरथरत होता, गारठलेल्या पोरासारखा. डब्याबाहेर मोठी स्थिर होती. तिने धडक दिली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, वळली आणि दगडामागे निघून गेली.

“मान्य केलं तिने,” नाना हळूच म्हणाले.

“करेल नाहीतर काय. एवढा नम्र कर्मचारी कुठे मिळतो.” बाई सरळ झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “सर, तुमचा तो लेख मी कापून ठेवलाय. काठीचा. पुतण्याला वाचायला दिला. म्हटलं, बघ, अशीपण मुलं असतात.”

“ते असंच आपलं,” मी म्हणालो. विनय म्हणून बोललो होतो, पण तेवढंच एक खरं बोललो त्या दिवशी.

सातव्या दिवशी, शनिवारी सकाळी, नानांना लांज्याला जावं लागलं. चुलत भावांचा बांधाचा वाद होता आणि दोघांनाही फक्त नानांची मोजणी मान्य होती. रविवारी संध्याकाळी परत येणार होते. बूट घालताना त्यांनी मला सगळं पुन्हा सांगितलं. खाणं भोकातून. चार दाणे. झाकणाला हात नाही.

“दोघं शांत आहेत आता,” मी म्हणालो.

“शांत आहेत म्हणूनच. अजून तीन दिवस. घाई केली की सगळं परत पहिल्यापासून, तेही पोर जिवंत राहिलं तर.” मग मान वर न करता म्हणाले, “जमलं बहुतेक, उदू.”

नेत्रा बँकेत गेली. सानिका तिच्या आजीकडे होती. मी चहा केला. दुपारी बाराच्या सुमाराला मी टाकीचा दिवा लावला, डब्याच्या दोन्ही क्लिपा काढल्या, झाकण उघडलं आणि डबा कलता केला. दगड हलवले नाहीत. मग झाकण परत लावलं. क्लिपासुद्धा लावल्या. मी नीटनेटका माणूस आहे.

चिंचोका डब्याबाहेर आल्यावर क्षणभर तिथेच तरंगत राहिला. मोठी दगडामागून आली. ती तिची जागा होती, तिचे दगड होते, आणि कालपर्यंत काचेपलीकडे नम्र असलेला इसम आता तिच्या घरात उभा होता. तो कलता झाला, थरथरला. जे जे त्याला येत होतं ते सगळं त्याने केलं. पण निवेदनाची वेळ चुकली होती.

पहिला चावा शेपटीला बसला. तो पळाला, ती मागे. टाकी दोन फुटी. पळून पळून जाणार कुठे? शेवटी तो वरच्या कोपऱ्यात पंपाच्या नळीमागे अडकल्यासारखा उभा राहिला. ती खाली फेऱ्या मारत राहिली. तो जरा हलला की वर यायची.

माझ्या हाताशी जाळी होती. टाकीच्या शेजारी खिळ्याला नाना ती टांगून ठेवत. मी ती काढून घेतली, एवढं मला आठवतं. हातात जाळी घेऊन मी चहा प्यालो. संध्याकाळी सातला पाहिलं तेव्हा तो जिवंत होता, कल्ले जोरात हलत होते. जाळी मी परत खिळ्याला लावली.

नेत्रा त्याच सुमाराला टाकीपाशी आली. डबा रिकामा, चिंचोका कोपऱ्यात.

“हा बाहेर कसा?”

“उडी मारली असेल.”

तिने डब्याकडे पाहिलं, दोन्ही क्लिपांकडे पाहिलं. “आणि जाताना झाकण लावून गेला.”

मी खिळ्यावरची जाळी सरळ केली.

“परत आत टाक ना मग त्याला,” ती म्हणाली.

“सापडत नाहीये जाळीत. राहू दे, सवय होईल.”

तिने पर्स खुर्चीत टाकली. मग म्हणाली, “यावर पण लिही एकदा.” ती स्वतः जाळी घेऊन दहा मिनिटं धडपडली, तिचा हात त्या नळीमागे पोचला नाही. रविवारी सकाळी तो पाण्यावर आला होता. शेपटी नव्हतीच.

नाना संध्याकाळी आले. मी दारातच सांगितलं, खाणं घालायला झाकण उघडलं आणि निसटला.

“भोक ठेवलं होतं ना वरून.”

“लक्षात आलं नाही.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि टाकीसमोर उभे राहिले. एकेक दगड बघत होते. जागचा एकही हललेला नव्हता. मग त्यांनी डबा बाहेर काढला, क्लिपा एकदा उघडल्या, एकदा लावल्या, आणि डबा पुसून ट्रंकेत ठेवला.

“दुसरा आणू या,” मी म्हणालो. आता म्हणायला माझं काय जात होतं?

“कौल दोनदा लावत नाहीत,” नाना म्हणाले.

पुढच्या रविवारी ते समुद्रावर गेले आणि नेहमीपेक्षा लवकर परत आले. त्यानंतर पाणी आणायला ते शनिवारी जाऊ लागले. नाचण्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. मी मोठ्या मनाने तो विषय काढला नाही.

तीन वर्षांनी सानिका सायकलवरून शाळेत जायला लागली. नाक्यावर कोणी जायची गरज उरली नाही. मंगळवार मोकळा झाला. नाना त्यानंतर आठ वर्षं जगले. पावणेएक वाजला की ते चपला घालायचे, मग आठवायचं, मग काढून ठेवायचे.

ते गेले त्याच्या बाराव्या दिवशी शैलाताई आल्या. हातात काठी, आवाज तोच. नेत्राने त्यांना खुर्ची दिली. सगळे जेवायला उठल्यावर हॉलमध्ये आम्ही दोघंच राहिलो.

“एक सांगू काय, सर?” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मनात ठेवलं. झाकण तुम्ही उघडलं होतंत, हे मोजणीदारांना तेव्हाच कळलं होतं.”

मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. जमीन दुभंगली नाही. आतून पत्रावळी उचलल्याचे आवाज येत होते.

“पुढच्याच रविवारी मला सांगितलंन. मी म्हटलं, मग मासा नाही म्हणाला असं कशाला म्हणता, मुलगा नाही म्हणाला. तर म्हणतात कसे, तेच तर. म्हणाले, उदूने लहानपणापासून कधी हट्ट म्हणून केला नाही. आई गेली तेव्हापण माझ्यासमोर रडला नाही. मला वाटायचं, याला मी असलो काय नि नसलो काय. आणि मला धरून ठेवायला त्याने एक जीव मारला, शैलाताई. मी त्याला एवढा हवा असेन, हे मला ठाऊकच नव्हतं.” त्यांनी पदराने चष्मा पुसला. “सांगताना खुशीत होते हो. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी, आणि खुशीत. मला आधी राग आला होता तुमचा. पण म्हटलं, बापाला एवढं घट्ट धरणाऱ्या पोराच्या हातातून सोडवून न्यायचं, ते पाप मला नको.”

सत्य सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि वाक्यं करणं हाच माझा उद्योग होता.

“म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगून टाकावं,” शैलाताई म्हणाल्या. “मनाला लावून घेऊ नका. मायेने झालं ते. मायेनेच ना?”

“हो,” मी म्हणालो.

त्या काठी टेकत उठल्या आणि जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.